पार्सलमध्ये रेडिओ फुटला, कुरिअर म्हणतं ‘पाच हजार घ्या’

प्रश्न : मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा आहे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका हॅमकडून जुना एचएफ ट्रान्सीव्हर (दूरवर संदेश पाठवणारा-घेणारा रेडिओ संच) आणि त्याचा पॉवर सप्लाय ४२,००० रुपयांना घेतला. कुरिअरचे १,८५० रुपयेही मीच दिले. खोकं उघडलं तर पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर स्क्रूंसकट उखडलेला. त्याच्या दणक्याने ट्रान्सीव्हरचा डिस्प्ले फुटला, ट्यूनिंग नॉबचा दांडा वाकला. दुरुस्तीला १६,००० लागतील. पावतीवर किंमत ५,००० आहे, तेवढेच देऊ, असं कुरिअरवाले म्हणतात. विकणारे म्हणतात, माल कुरिअरकडे दिला तिथे माझी जबाबदारी संपली. ‘रेडिओ’ लिहिलं तर चौकशी होईल म्हणून त्यांनी ‘जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू’ असं लिहिलं होतं. मीही ‘जरा कमी खर्चात पाठवा’ असा मेसेज केला होता. पैसे कोणाकडे मागू?

उत्तर : दोघांकडेही मागा, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. तुमच्या प्रकरणाची गाठ पावतीवरच्या किमतीच्या रकान्यात आहे.

आधी कुरिअर. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा लागू होतो आणि घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर कंपन्याही त्यात येतात. या कायद्यात ग्राहकाला एक मोठा आधार आहे : कुरिअरचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही. पण भरपाईला मर्यादा आहे. जादा जोखीम-दर (जास्त भरपाईच्या हमीसाठी भाड्यावर द्यायची रक्कम) भरलेला नसेल, तर २०११ च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या दहापट, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. तुमच्या बाबतीत दहापट म्हणजे १८,५०० झाले असते आणि दुरुस्तीचा सगळा खर्च त्यात बसला असता. ५,००० लिहिल्यामुळे हक्क तिथेच अडला.

पावतीमागच्या बारीक अक्षरांतल्या अटी कोणी दाखवल्या नाहीत, त्यावर सही घेतली नाही, तर त्या बंधनकारक नाहीत, हा युक्तिवाद ग्राहक आयोगांनी अनेकदा मान्य केला आहे. मात्र सही केलेल्या पावतीतली मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात उचलून धरली. तुमच्या पावतीवर तर पाठवणाऱ्याने स्वतः किंमत लिहिली आहे. त्यामुळे कुरिअरकडून ५,००० पेक्षा फार काही मिळेल, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

आता विकणारे. त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मालविक्री कायदा, १९३० चं कलम ३९ म्हणतं की माल वाहतूकदाराकडे दिला की सर्वसाधारणपणे तो खरेदीदाराला दिल्यासारखाच. त्याच कलमात पुढे अट आहे : मालाचं स्वरूप आणि परिस्थिती पाहता वाजवी ठरेल असा वाहतुकीचा करार विक्रेत्याने खरेदीदारासाठी करायला हवा. तसं केलं नाही आणि वाटेत माल खराब झाला, तर खरेदीदार त्यांच्याकडे नुकसानभरपाई मागू शकतो. बेचाळीस हजारांचा माल पाच हजारांचा म्हणून पाठवणं वाजवी कसं ठरेल? त्यात जड ट्रान्सफॉर्मरचा पॉवर सप्लाय आणि ट्रान्सीव्हर एकाच खोक्यात. दोन खोकी केली असती तर भाडं वाढलं असतं हे खरं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार बहुधा ५००० ने भागून वजन धरतात, त्यामुळे मोठं खोकं हलकं असूनही महाग पडतं. पण एकाच खोक्यामुळे वाचले ते काही शे रुपये.

तुमचा मेसेज ते नक्की दाखवतील. ‘कमी खर्चात पाठवा’ याचा अर्थ ‘खोटी किंमत लिहा’ असा होत नाही, हे ठामपणे मांडा. तरी त्या मेसेजमुळे तुमची बाजू थोडी सैल होते, आणि म्हणूनच तडजोडीची तयारी ठेवा.

चौकशीची भीती अनाठायी होती, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. वायरलेस संच विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे. तुम्हा दोघांकडे परवाने आहेत. ‘हौशी रेडिओ संच, वापरलेला’ असं स्वच्छ लिहून दोन्ही परवान्यांच्या प्रती खोक्यात आणि बाहेरच्या पाकिटात ठेवल्या असत्या, तर कोणी विचारलं तरी उत्तर तयार होतं. उलट मोघम वर्णनामुळेच संशय येतो आणि भरपाईच्या वेळी तेच अंगलट येतं. हातात धरायच्या छोट्या (हँडहेल्ड) संचासोबत लिथियम बॅटरी पाठवताना तर हे आणखी महत्त्वाचं, कारण विमानाने जाणाऱ्या मालात ती धोकादायक वस्तू धरली जाते.

आज करायची कामं सांगतो. संच चालू करून पाहू नका. खोकं, थर्माकोल, उखडलेले स्क्रू, काहीच टाकू नका. फोटो काढा, दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोन जपा आणि चॅट पुसू नका. कुरिअरला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेलीच पाहिजे. डिलिव्हरीच्या नव्हे, बुकिंगच्या. करार पाठवणाऱ्याच्या नावे असल्याने त्यांच्याकडून अधिकारपत्र घ्या. ते देणं त्यांच्याही फायद्याचं आहे, कुरिअरकडून जेवढं सुटेल तेवढा त्यांचा बोजा हलका होतो. नोटिशीत माल तपासायला पंधरा दिवस द्या आणि दुरुस्ती त्यानंतरच करा.

कुरिअर दाद देत नसेल तर तुमच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल होते. विकणाऱ्यांवर मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग धरू नका. घरचा जुना संच एकदा विकणारा माणूस व्यापारी नव्हे. त्यांच्यावर दिवाणी दावा तीन वर्षांत लावता येतो, पण कुरिअरचे ५,००० वजा जाता उरलेल्या अकरा हजारांसाठी वकिलाची फी भरत बसा, असा सल्ला मी देणार नाही.

त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व (दावा लावण्याआधीच्या तडजोडीचा) अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. माझ्या मते त्या ११,००० पैकी सात-आठ हजार विकणाऱ्यांनी सोसणं रास्त आहे. अर्ज करण्याआधी हाच आकडा त्यांना फोनवर सांगून पाहा.