खांदा आखडला तर ताणायचा की मजबूत करायचा?

प्रश्न : नमस्कार सर, मी डिचोलीचा, वय १७. २०२३ ला नॅशनल गेम्स आपल्या गोव्यात झाले ते बघून बॉक्सिंग सुरू केलं. रोज शंभर पुशअप मारतो, बॅगवर पण भरपूर. पण दोन महिने झाले उजवा खांदा आखडलाय, हात डोक्यावर नेला की पुढून चिमटा बसतो. सीनियर मुलं म्हणतात स्ट्रेचिंग वाढव, म्हणून रिंगमध्ये जायच्या आधी दोन-दोन मिनिटं हात ओढून धरतो तर उलट पंचच ढिला पडतो. काय करू?

उत्तर : पंच ढिला पडतो हे अगदी बरोबर ओळखलंस. स्नायू सलग मिनिटभराच्या वर ताणून धरला की थोडा वेळ त्याची ताकद उतरते. बाउटच्या म्हणजे लढतीच्या आधी दोरीउड्या, हात फिरवणं, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत पंच मारणं) एवढंच कर आणि धरून ठेवायचं स्ट्रेचिंग प्रॅक्टिस संपल्यावर, २०-३० सेकंद, दोन-तीनदा, बस.

पण मला विचारशील तर तुझा खांदा मागून कमी पडतोय. खांद्याची खोबण एकदम उथळ, त्यात दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, पण गोळा जागेवर धरून ठेवायचं काम रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार छोट्या स्नायूंवर पडतं. पंच सोडताना छाती जोर लावते आणि सुटलेल्या हाताला आवरतात ते मागचे स्नायू, तेच ब्रेक. शंभर पुशअपनी तुझं इंजिन वाढलं, ब्रेक होते तेवढेच राहिले!

आधी भिंतीला पाठ टेकून उभा राहा, कोपरं खांद्याच्या उंचीला, मनगटं भिंतीला लावून हात हळूहळू वर सरकव. मनगट सुटलं किंवा कंबर कमानीसारखी पुढे आली तर छाती आणि पाठीचा वरचा भाग जाम आहे, मग दाराच्या चौकटीला हात टेकून छाती उघडायचा स्ट्रेच कर, पण चिमटा बसेल इतका नको.

ताकदीसाठी महागडा बँड कशाला, सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांध. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी दाबून धर, ती खाली पडली म्हणजे कोपर सुटलं. आता हात बाहेर ओढ आणि परत येताना तीन आकडे मोजत ये, हे सावकाश परत येणंच ब्रेकला तयार करतं, आणि नेमकं तिथंच मुलं घाई करतात. १२-१५ चे दोन-तीन सेट, आठवड्यातून तीनदा, डाव्या हातालाही. पुशअप निम्मे कर, वर आल्यावर कोपरं सरळ ठेवून जमीन अजून थोडी ढकल म्हणजे खांद्याचं पातं बरगड्यांवर नीट सरकायला शिकेल. जितके पुशअप तितकंच मागे ओढायचं काम, म्हणजे रोइंग, हवंच.

चिमटा बसतोय तोवर डोक्यावर वजन उचलू नको आणि हेवी बॅगला सुट्टी दे. रात्री झोपमोड होत असेल, बोटं बधिर होत असतील किंवा खांदा निसटल्यासारखा वाटत असेल तर यातलं काहीही न करता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, कोच काही म्हणोत. नाहीतर सहा आठवडे नेमाने कर, मग परत भिंतीला उभा राहा आणि मनगटं कुठवर सरकतात ते मला कळव.