बोअर कोणता निवडावा? परवानाधारकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी जळगावचा सराफ आहे. दुकान वाढवून रोज रात्री रोकड घेऊन घरी जावे लागते, म्हणून अर्ज केला होता आणि यंदा शस्त्रपरवाना हातात पडला. अमेरिकेत राहणारे माझे मेहुणे सांगतात, की ९ मिलिमीटरपेक्षा लहान काही घेऊच नका, .३२ म्हणजे खेळणे आहे. मी काय करावे?

उत्तर : मेहुण्यांचा सल्ला त्यांच्या देशात योग्य आहे, आपल्याकडे मात्र तो कायद्यातच बसत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ९ मिलिमीटर आणि .३८ हे बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप; .३८, .३२ ही मापे इंचातली) प्रतिबंधित वर्गात मोडतात, कारण ती लष्कराची आणि पोलिसांची काडतुसे आहेत. आपल्या परवान्यावर ‘एनपीबी’ अशी अक्षरे असतील. त्यांचा अर्थ अप्रतिबंधित बोअर. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तेव्हा ‘कुठून तरी मिळवून देतो’ असे सांगणारा कोणी भेटल्यास त्याच्या सावलीलाही उभे राहू नका.

व्यवहारात आपली निवड .३२ आणि .२२ या दोहोंतच होते. पिस्तुलाच्या .३२ काडतुसातील गोळी सुमारे साडेचार ग्रॅमची असते आणि तिची ऊर्जा १७० जूलच्या आसपास भरते. ९ मिलिमीटरची गोळी सुमारे आठ ग्रॅमची आणि तिची ऊर्जा ४५० ते ५०० जूल. म्हणजे .३२ची ताकद साधारण एक तृतीयांश आहे आणि ही वस्तुस्थिती मी लपवणार नाही. परंतु खेळण्याने माणूस मरत नाही, .३२ने मरतो. गोळी शरीरात कुठे आणि किती खोल जाते यावर परिणाम ठरतो, आणि ती कुठे जाईल हे बोअर ठरवत नाही, आपली मूठ आणि आपला सराव ठरवतो. ज्याला सात पावलांवरून पुठ्ठ्यावरच्या थाळीएवढ्या वर्तुळात सहापैकी सहा गोळ्या बसवता येत नाहीत, त्याला मोठ्या बोअरने काहीच मिळत नाही. उलट चुकलेली गोळी रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला लागण्याची भीती तेवढी वाढते. आपण .३२ घ्या आणि मेहुण्यांशी वाद घालण्यात जाणारा वेळ सरावाच्या मैदानावर घालवा.

रोज जवळ बाळगणार असाल तर शस्त्र म्यानात, कपड्यांखाली पूर्ण झाकलेले असावे. ते कोणाला दाखवणे, हा धाक नसून नियमभंग आहे. भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ ही आत्मसंरक्षणाच्या अधिकारासंबंधीची कलमे वकिलाकडून एकदा नीट समजावून घ्या. केवळ रोकड वाचवण्यासाठी पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याची मुभा ती देत नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचे .३२चे रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या नावावर झाले. काकांकडे .३२चे पिस्तूल आहे. दोन्ही .३२ असल्यामुळे त्यांची काडतुसे मला चालतील ना? (सातारा)

उत्तर : चालणार नाहीत, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो, कारण हा गैरसमज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी भेटतो.

‘.३२’ हे नाव एकच असले तरी त्यामागे दोन निरनिराळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस हे १८९६ सालचे ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’. पिस्तुलाचे काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या १८९९ सालच्या पिस्तुलाबरोबर आलेले ‘.३२ एसीपी’. दोन्ही तळहातावर शेजारी उभी करून पाहा. रिव्हॉल्व्हरचे काडतूस बोटाच्या पेराएवढे उंच दिसते, त्याच्या पितळी पुंगळीची लांबी २३ मिलिमीटर असते आणि बुडाशी बांगडीसारखी स्पष्ट कड असते. ती कड चक्रीच्या, म्हणजे काडतुसे बसवायच्या फिरत्या गोल भागाच्या, भोकाच्या काठावर टेकते, म्हणूनच काडतूस आत घसरून जात नाही. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी १७ मिलिमीटरची, बुटकी असते आणि त्याची कड इतकी नाममात्र, की नखाने चाचपल्याशिवाय कळत नाही. हे बुटके काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बसते, हीच अडचण आहे. ते बसते म्हणून लोकांना ते चालते असे वाटते. पण त्यातील दाब त्या जुन्या चक्रीसाठी आखलेला नाही आणि नाममात्र कडेमुळे त्याला आधारही पुरेसा मिळत नाही. वडिलांचे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडणारे, जुन्या वेब्ली घडणीचे असेल, तर विशेष जपा, कारण त्या सांध्याची मजबुती मर्यादित असते.

काकांनाही एक सांगा. पिस्तुलाचे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहील असे पाहावे. ती मागे अडकली, तर पहिल्या गोळीनंतर पिस्तूल आखडून बसते, आणि ते नेमके नको त्या क्षणी बसते.

आता कायद्याची बाजू. काडतुसे परवान्यावर नोंदलेल्या शस्त्राची आणि तेवढ्याच संख्येने, परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यायची असतात. काका-पुतण्यांतही ती उसनी देता येत नाहीत.

प्रश्न : मी नाशिकला दवाखाना चालवते आणि रात्री उशिरा एकटी घरी परतते. परवाना मंजूर झाला आहे. माझी मनगटे नाजूक आहेत, म्हणून ओळखीचे लोक .२२चे ‘निडर’ रिव्हॉल्व्हर सुचवतात. विक्रेते ‘निर्भीक’ किंवा ‘प्रबळ’ ही .३२ची रिव्हॉल्व्हरे घ्या म्हणतात.

उत्तर : डॉक्टर, मनगटाची चिंता थोडी बाजूला ठेवा आणि बोटाकडे पाहा. .३२चा धक्का मुळातच सौम्य आहे. तो आपल्याला सहज पेलवेल. रिव्हॉल्व्हरमध्ये खरी परीक्षा चापाची असते. घोडा आधी मागे न ओढता चाप दाबायचा तर साधारण पाच-सहा किलोंचा जोर लागतो, आणि तो जोर लावताना उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची नळी खाली-डावीकडे झुकते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा नेम धक्क्याने नव्हे, या ओढीने चुकतो. म्हणून विक्रेत्याकडे रिकाम्या शस्त्रावर, त्यांच्या परवानगीने, सलग दहा वेळा चाप दाबून पाहा. दहाव्या वेळी हात थरथरला, तर ते शस्त्र आपले नव्हे.

‘निडर’चे वजन सुमारे २५० ग्रॅम, पर्समध्ये असल्याचेही जाणवत नाही. तरीही मी .२२ ही पहिली पसंती म्हणून सुचवत नाही. तिच्या गोळीची ऊर्जा .३२हून कमी असतेच, पण मला अधिक खटकते ते निराळे आहे. .२२च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो आणि तो कुठे विरळ राहिला तर बार उडत नाही; .३२मध्ये मधोमध स्वतंत्र टोपी असते, म्हणून ती अधिक भरवशाची. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४मध्ये आणलेले ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, तर २०२३मधले ‘प्रबळ’ सुमारे ७०० ग्रॅमचे. ‘प्रबळ’ची चक्री बाजूला उघडते, शस्त्र मधून मोडावे लागत नाही. दोनशे ग्रॅम जास्त वाहावे लागतील हे खरे, पण जड शस्त्र हातात स्थिर राहते. मी आपल्या जागी असतो तर ‘प्रबळ’ घेतले असते.

एक विनंती : ते पर्समध्ये लिपस्टिक, किल्ल्या आणि स्टेथोस्कोपबरोबर मोकळे ठेवू नका. चाप झाकणारे म्यान आणि पर्सचा एक स्वतंत्र कप्पा, एवढे केलेच पाहिजे.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात उसाला रात्री पाणी द्यायला जावे लागते. बिबट्यासाठी .३२ पुरेल का?

उत्तर : नाही. जखमी बिबट्या न डिवचलेल्या बिबट्यापेक्षा कितीतरी घातक असतो आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. सोबत माणूस, प्रखर विजेरी, मोठा आवाज आणि वनविभागाशी संपर्क, हेच उपाय करा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत स्थायिक आहे, ग्रीन कार्ड आहे. पहिले पिस्तूल घ्यायचे आहे. इथे .३८०, ९ मिलिमीटर, .४० आणि .४५ असे सगळेच उपलब्ध असल्यामुळे गोंधळ उडतो.

उत्तर : आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून पुढे बोलता येते, एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील माणसाला तेथील संघीय कायदा, थोडे अपवाद सोडल्यास, बंदूक बाळगू देत नाही.

या वादाचा इतिहास कळला की निवड सोपी होते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यातून एफबीआयने कसोटी ठरवली, की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरली पाहिजे. त्यासाठी आधी १० मिलिमीटर आले, त्याचा धक्का अनेकांना पेलवेना म्हणून १९९०मध्ये .४० आले. पुढे गोळ्यांची घडण इतकी सुधारली, की ९ मिलिमीटरही त्याच कसोटीला उतरू लागले, आणि कमी धक्का, जलद दुसरी गोळी, अधिक काडतुसे या कारणांनी एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. तीस वर्षांच्या या फेऱ्यातून आपण फुकट शिकावे : ९ मिलिमीटर घ्या. .३८० केवळ तेव्हाच, जेव्हा सरकपट्टी (पिस्तुलाच्या माथ्यावरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढण्याइतका जोर हातांत नसेल. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत, ते खरेदीपूर्वी तेथील वकिलाला विचारा.

प्रश्न : दहा-बारा वर्षांपूर्वीची, बुडावर ‘केएफ’ अशी खूण असलेली, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसे कपाटात आहेत. वापरावीत का? (रत्नागिरी)

उत्तर : काडतूस कोरड्या जागी दशकभर टिकते, कोकणातल्या पावसाळ्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले टिकेलच असे नाही, कारण तेल टोपीतून झिरपून दारू मारते. मागे सरावाच्या मैदानावर एका गृहस्थांनी अशीच घरची काडतुसे भरली होती. तिसऱ्या बारी ‘ठो’ऐवजी नुसते ‘फट्’ झाले, हाताला धक्का बसलाच नाही, आणि ते चौथ्यांदा चाप दाबणार इतक्यात मी त्यांचे मनगट धरले. शस्त्र रिकामे करून नळीत पितळी सळई घातली, तर ती मध्येच अडली. गोळी तिथेच बसली होती. चौथी तिच्यावर आदळली असती, तर नळी त्यांच्या हातातच फुटली असती.

हिरवट डाग, सैल गोळी किंवा दबलेली टोपी दिसेल ती काडतुसे वेगळी काढा आणि स्वतः फोडत न बसता परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिस ठाण्याला विचारून जमा करा. उरलेली सरावात, प्रशिक्षकासमोर संपवा. रोज बाळगण्यासाठी मात्र नवी आणा, आणि खोक्यावर खरेदीची तारीख पेनाने लिहून ठेवा.