व्याह्यांसोबत नेपाळ : गाडी एक, घरे दोन

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात शेती करतो. कापसाची वेचणी आणि तुरीचे खळे आटोपल्यावर, फेब्रुवारीअखेर, सासऱ्यांच्या सात आसनी गाडीने लुंबिनी, पोखरा व काठमांडूला जाण्याचा बेत आहे. माझे आईवडील, सासूसासरे, पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि मी असे सात जण असू. गाडी मीच चालवणार. वडील मात्र म्हणतात, "व्याह्यांच्या गाडीत फुकट बसून मी परदेशी जाणार नाही." काय करावे?

उत्तर : आपल्या वडिलांचा आक्षेप हट्ट म्हणून झटकू नये. लग्नातला मानपान संपला तरी व्याह्याचे ओझे नको, ही भावना आपल्याकडे आयुष्यभर टिकते. गाडी सासऱ्यांची असेल, तर इंधनाचा आणि भन्साराचा, म्हणजे नेपाळच्या सीमेवर गाडीसाठी दर दिवसाप्रमाणे भरावयाच्या जकातीचा, खर्च वडिलांनी उचलावा. हे आपण परस्पर ठरवू नका. दोघा व्याह्यांना समोरासमोर बसवून, निघण्यापूर्वीच बोलून घ्या.

पुढची जागा दोघांनी जेवणानंतर आलटून पालटून घ्यावी. मधल्या रांगेत उरलेले तिघे ज्येष्ठ बसले, की पत्नी आणि मुलगी शेवटच्या रांगेत जातात व सामानासाठी टपावर कॅरिअर लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. माझ्या मते या प्रवासात सर्वाधिक थकवा आपल्या पत्नीला येईल. एकाच गाडीत मुलगी आणि सून अशी दोन्ही नाती तिला दिवसभर सांभाळायची आहेत. पोखऱ्यात एक दिवस तिला तिच्या आईवडिलांबरोबर फेवा तलावाकाठी मोकळे सोडा आणि आपण स्वतःच्या आईवडिलांना घेऊन दुसरीकडे फिरा.

नागपूरहून जबलपूर, वाराणसी, गोरखपूर या मार्गाने सोनौलीची सीमा सुमारे हजार किलोमीटर आहे. चालक एकटाच असल्याने जबलपूर, वाराणसी आणि गोरखपूर येथे मुक्काम करावा. गोरखपूरहून पहाटे निघाल्यास सीमेवरील मालट्रकांच्या रांगा लागण्याआधी कागदपत्रे उरकण्याची शक्यता वाढते. सोनौलीहून लुंबिनी जवळच आहे. पुढे बुटवलहून पोखऱ्याला जाणारा घाट वळणावळणाचा असल्याने ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी हलकेच खावे. विमा कंपनीकडून ज्यादा हप्ता भरून नेपाळसाठी मुदतवाढ नव्हे, तर क्षेत्रवाढ करून घ्यावी. साध्या पॉलिसीचे संरक्षण सीमेपाशी संपते. भारताच्या एका रुपयाला नेपाळचे 1.60 रुपये मिळतात आणि शंभराच्या नोटा जवळ असलेल्या बऱ्या.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु 15 ते 65 या वयोगटातील व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे लागते. त्यांचे आधार कार्ड प्रवासाचे कागदपत्र म्हणून ग्राह्य धरले जात नाही. मुलीचे आधार मात्र चालते, तसेच 65 वर्षांवरील ज्येष्ठांचेही. आपल्या आईचे आणि सासूबाईंचे वय पत्रात नाही. पण जुन्या मतदार कार्डावर माहेरचे नाव किंवा चुकलेले वय राहिलेले असणे आपल्या खेड्यांत नवे नाही. तसे असेल तर नमुना 8 भरून दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्या; नवे कार्ड हाती यायला वेळ लागतो.