सैतान म्हणजे ‘त्यांचा राक्षस’ नव्हे

डॅलसच्या ताई, तुम्ही लिहिता, ‘वर्गातली ख्रिस्ती मैत्रीण लेकीला म्हणाली, तुमचा गणपती म्हणजे सैतान. तेव्हापासून ती रात्री दिवा मालवू देत नाही. मी सांगितलं, सैतान म्हणजे त्यांचा राक्षस, लक्ष देऊ नकोस. पुण्याहून सासूबाई म्हणतात, शाळा बदला. दिवाळीची रजा शाळेत कशी मागू? आणि इथे माझी भाकरी फाटते ती का?’

नऊ वर्षांचं लेकरू अंधाराला घाबरतंय हे वाचून पोटात तुटलं. पण ताई, उत्तर चुकलंच तुमचं. रावणाला आईबाप आहेत, कूळ आहे, लंका आहे. सैतानाला यातलं काही नाही. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आड येणारा, आरोप करणारा. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात बलाम नावाच्या द्रष्ट्याची वाट अडवणाऱ्या देवदूतालाच तो शब्द लावला आहे.

मी प्रत्येकीला एकच सांगते, मूळ पान उघडा, आणि तेही मराठीत. पंडिता रमाबाईंनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुम्हाला चार अध्याय जड जाऊ नयेत!

आधी ‘ईयोब’ हे पुस्तक, अध्याय 1 आणि 2. सैतान देवापुढे हजर होतो, ईयोब या देवभक्ताच्या भक्तीवर संशय घेतो, पण देवाने आखलेल्या मर्यादेबाहेर त्याला जाता येत नाही. हे लेकीला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या नातवाची भीती इथेच उतरली. मग उत्पत्ती 3. तिथे नुसता साप आहे, सैतानाचं नावही नाही. ‘जुनाट साप’ म्हणजे सैतान, ही ओळख शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 12:9 मध्ये मिळते. दोन्ही एका दमात सांगितलं की मुलांना तो पहिल्या पानापासून दबा धरून बसलेला वाटतो. शेवटी मत्तय 4. सैतान येशूला तीनदा मोह घालतो, तीनदा शास्त्रवचन ऐकून घेतो आणि निघून जातो. जबरदस्ती कुठेच नाही.

खरा घोळ ‘लूसिफर’ या सैतानाला चिकटलेल्या नावापाशी होतो. बायबलच्याच ‘यशया’ पुस्तकाच्या 14व्या अध्यायात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाची हेटाळणी आहे, पहाटेच्या ताऱ्या, कसा पडलास म्हणून. त्या ताऱ्याचं लॅटिन भाषांतर लूसिफर. ऑरिजेनसारख्या ख्रिस्ती आचार्यांनी तिसऱ्या शतकात ते वर्णन सैतानाच्या पतनाला जोडलं. बोकडाचे खूर आणि हातातला त्रिशूळासारखा काटा चित्रकारांचे. नरकाचा राजाही तो नव्हे. प्रकटीकरण 20:10 मध्ये त्यालाच अग्नीच्या सरोवरात टाकतात. आणि तो देवाच्या तोडीचा मुळीच नाही. देवाने त्याला चांगला म्हणूनच घडवला, तो आपल्या करणीने बिघडला, असं चर्चच्या 1215च्या लॅटरन परिषदेने स्पष्ट म्हटलं.

मैत्रिणीला खोटारडी ठरवू नका. बहुधा बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 10:20 हे वचन तिच्या कानावर पडलं असेल. मूर्तीपुढचे बळी भुतांना जातात, असं येशूचा प्रेषित पौल तिथे लिहितो. त्याच पत्रात 8:4 ला मूर्ती म्हणजे काहीच नाही, असंही तो म्हणतो. तिच्या आईला चहाला बोलवा आणि दोन्ही वचनं समोर ठेवून बोला. माझ्या जावेने शेजारणीशी असंच केलं. आज दोघी एकमेकींच्या सणाला जातात.

शाळा बदलू नका, सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगा. दिवा आठवडाभर राहू द्या. दिवाळीच्या रजेचा अर्ज दोन आठवडे आधी लेखी द्या. भाकरी फाटते ती पीठ जुनं झाल्यामुळे; उकळत्या पाण्यात उकड काढून मळून बघा.