मार्जारवंशी योद्धा कसा घडवावा?

प्रश्न : आम्ही काही मित्र खानापुरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांच्या साहाय्याने काल्पनिक पात्रे रंगवण्याचा खेळ खेळू लागलो आहोत. मी टबॅक्सी या मार्जारवंशातला योद्धा घेतला असून त्याला साखळीचे जड चिलखत आणि दोन हातांनी चालवायची कुऱ्हाड दिली आहे. हे पात्र मांजराचे वाटतच नाही, असे खेळ चालवणारा मित्र म्हणतो. काय बदलावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे मला पटते, मात्र त्यासाठी योद्धा हा वर्ग सोडण्याचे कारण नाही, चिलखत आणि शस्त्र तेवढे बदला. 2016 सालच्या नियमांप्रमाणे टबॅक्सीला चपळाईत 2 गुण वाढवून मिळतात आणि लपतछपत वावरण्याचे कौशल्यही जन्मतः लाभते. साखळीच्या चिलखतात ही चपळाई बचावासाठी, म्हणजे शत्रूचा वार लागायला त्याला गाठावा लागणाऱ्या आकड्यात, धरली जात नाही, शिवाय लपताना दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा घ्यावा लागतो. म्हणजे वंशाने दिलेले चिलखताने काढून घेतले.

चपळाईत 15 गुण ठेवले, तर वंशाचे 2 मिळवून 17 होतात आणि त्यांचा अधिभार, म्हणजे त्या गुणांमुळे मिळवायचा आकडा, 3 येतो. चामड्याच्या चिलखताचे 11, अधिभाराचे 3 आणि ढालीचे 2 मिळून बचाव 16 होतो, आणि साखळीच्या चिलखताचाही बचाव तेवढाच आहे. हातात रेपियर ही सडपातळ, टोकदार तलवार घ्यावी, कारण ती चपळाईच्या बळावर चालवता येते. वाराची इजा ठरवणारा कुऱ्हाडीचा बारा बाजूंचा फासा जाऊन आठ बाजूंचा येईल, एवढा तोटा मात्र सोसावा लागेल.

माझ्या मते या वंशाचा खरा प्राण त्याच्या झेपेच्या नियमात आहे. एका पाळीपुरता टबॅक्सीचा वेग 30 फुटांवरून 60 फूट होतो आणि ती पाळी केवळ धावण्यात घालवली, तर तो 120 फूट अंतर कापतो. परंतु त्यानंतर एखादी पाळी जागचे अजिबात न हलता काढल्याशिवाय ही झेप पुन्हा घेता येत नाही. म्हणून लढाईत सतत पुढे घुसण्याऐवजी कोणत्या पाळीत थांबायचे, हे आधी ठरवा. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरलेल्या बिबट्यासाठी हत्ती आणावे लागले आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे आपल्याला आठवत असेल. क्वचितच नजरेस पडणाऱ्या त्या जनावराचा धाक साऱ्या शहराला होता, आणि आपल्या योद्ध्याचा शत्रूला तसाच धाक वाटला पाहिजे.

स्वभावात कुतूहल अवश्य ठेवा, पण ते नेमके असावे : बंद पेटी, जुना नकाशा, अनोळखी लिपी यांपैकी एकच गोष्ट त्याला अनावर होऊ द्या. टबॅक्सींची नावे वर्णनपर असतात आणि त्यांची कुळे भूप्रदेशावरून ओळखली जातात, तेव्हा मलप्रभा नदीच्या कणकुंबी येथील उगमावरून ‘कणकुंबीचे पहिले पाणी’ असे नाव शोभेल. हे सर्व पुढच्या बैठकीआधी मित्राला दाखवून त्याची संमती घ्या, कारण खेळ सुरू असताना पात्राचे गुण बदलणे इतरांवर अन्याय करणारे ठरते.