'औटघटकेचं राज्य' यातला 'औट' कुठला?

तुम्ही लिहिलंय की एका विद्यार्थ्याच्या निबंधात हा शब्द आला आणि 'क्षणभंगुर' लिहायला सांगावं का असा प्रश्न पडला. सांगू नका.

औट म्हणजे साडेतीन. इंग्रजी 'आउट'शी त्याचा काडीचाही संबंध नाही. ठासून सांगतेय, कारण नववीत मी 'औटघटकेची सत्ता' लिहिलं, तेव्हा बाईंनी लाल रेघ मारून 'इंग्रजी शब्द नको' असा शेरा दिला. वर एक गुण कापला.

घरी आजोबांना वही दाखवली. ते कापडाच्या दुकानात मुनीम, सगळा हिशेब तोंडी. त्यांनी आधी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घडाघडा म्हणून दाखवला. मग माळ्यावरून लग्नातलं घटिकापात्र काढलं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडली. भोकातून पाणी चढत गेलं, काठ पाण्याला टेकला आणि वाटी गुडुप झाली. "ही एक घटका, चोवीस मिनिटं." अशी ती तीनदा बुडेपर्यंत आम्ही बसून होतो. चौथ्यांदा अर्धी भरली तशी आजोबांनी उचलली. "हे औट." एकूण ८४ मिनिटं. संस्कृत 'अर्धचतुर्थ', प्राकृत 'अद्धुट्ठ' आणि त्यावरून औट, हे मला पुढे कॉलेजात कळलं. चौथं अर्धं! आजोबांनी तेच तर दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. "आता कोण वापरतं हे?" म्हणाल्या. वापरतात की! २३ नोव्हेंबर २०१९ला पहाटे शपथविधी उरकलेलं सरकार २६ला गेलं, तेव्हा हाच शब्द कामाला आला.

क्षणभंगुर म्हणावं देहाला, आयुष्याला. त्यात हळहळ आहे. औटघटकेचा म्हणावं सत्तेला, पदाला, मिरवण्याला. त्यात टोला आहे. दूध, भाजी नाशवंत. फुलाला कुणी औटघटकेचं म्हटलं तर मात्र मीही खोडेन.

आता कुणी घड्याळ लावून ८४ मिनिटं मोजत नाही, तीन दिवसही चालतात आणि तीन महिनेही. 'औट घटकेचा' असं तोडूनही लिहिलेलं दिसतं, त्यालाही चूक म्हणू नये.

त्या मुलाच्या वहीत रेघ मारली असेल तर खोडा, आणि गुण कापला असेल तर परत द्या. माझा अजून मिळालेला नाही.