‘पाण्याचे किती देणार?’

सांगलीच्या विश्रामबागेतून एक आई माझ्याकडे समुपदेशनाला आली होती, सोबत तिसरीतला मुलगा. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, हा पैशाला चटावलाय. काल सासूबाईंनी पाणी मागितलं तर म्हणतो, किती देणार? त्या रात्री जेवल्या नाहीत.”

पैशाची किंमत कळावी म्हणून मे महिन्यात त्यांनीच फ्रिजवर दरपत्रक चिकटवलं होतं. ताट उचललं 2 रुपये, अंथरुणाची घडी 3, दप्तर भरलं 5. पंधरा दिवस घर लखलखीत. मग दर नसलेलं काम पोरगा करेना.

त्याला एकट्याला बसवलं. त्यानं दप्तरातून वही काढली. वडिलांची मार्केट यार्डात बेदाण्याची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून द्यायचा धंदा. त्यांचं बघून रकाने आखलेले: तारीख, काम, जमा, बाकी. जमा जवळजवळ कोरं. बाकी 146 रुपये.

“बाबा म्हणतात सुट्टे नाहीत, नंतर बघू. म्हणून आता आधीच विचारतो.”

याला हावरटपणा कसा म्हणू?

पुढच्या वेळी वडील आले. “घरच्या पोराची कसली उधारी?” म्हणाले. मी विचारलं, “शेतकऱ्याच्या मालाचे पैसे असेच थांबवता?” ते गप्प झाले. त्याच रात्री त्यांनी वहीवर सही करून पैसे चुकते केले.

दरपत्रकही चुकलंच होतं म्हणा. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं. बक्षीस मिळालं, पण पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. इथे तर ताट उचलण्याची आवड लागायच्या आधीच दर लागला होता.

म्हणून उधारी फिटल्यावर ते दरपत्रक काढायला लावलं. स्वतःचं ताट, अंथरूण, दप्तर, आजीचं पाणी बिनपैशाचं. एरवी बाहेरच्याला पैसे देऊन करून घेतो, अशी कामं पैशाची: गाडी पुसणं, रद्दी बांधणं. हिशेब दर रविवारी, रोख. ‘मी पोळ्यांचे पैसे घेते का?’ हे मात्र म्हणू नका, असं आईला बजावलं. पोराला तो टोमणाच वाटतो.

आठवडाभर तो फुरंगटून बसला. ताट तसंच पडायचं, आईनं दोनदा स्वतःच उचललं. चालायचंच.

आता रद्दीवाल्याकडे काट्याकडे डोळे लावून तो उभा राहतो म्हणे. पोस्टात वयाची दहा वर्षं झाल्यावर स्वतःच्या सहीनं चालवता येणारं बचत खातं 500 रुपयांत उघडता येतं, हे मी त्याला सांगितलंय. पैसे जमत आलेत, वयाला सव्वा वर्ष कमी पडतंय, आणि त्याचाच त्याला फार राग आहे.

आजीच्या पाण्याला अजून दोन हाका माराव्या लागतात. पण किती देणार, असं विचारत नाही.